डोंगर उतरून घरी येण्याविषयी : एरिक गे यांना खुले पत्र

मॉन्ट्रियल, कॅनडा

श्री. एरिक गे यांस,


हे पत्र मी मराठीत लिहिते आहे. माझी लेक त्याचं फ्रेंच करून तुम्हाला पाठवणार आहे. पण यात एक कबुली आहे आणि कबुली मनात ज्या भाषेत आली त्याच भाषेत द्यावी, म्हणून आधी मराठी. उघडपणे लिहिते आहे, कारण पोरांना पहाटे उठवून मैदानावर, तरणतलावावर किंवा बर्फावर नेणाऱ्या माझ्यासारख्या आईबापांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

मी मूळची अकोले तालुक्यातली, कळसूबाईच्या बाजूची. महाराष्ट्रातलं ते सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. नवरात्रात आमच्याकडच्या बायका अंधारात निघून, लोखंडी शिड्या चढून देवीच्या दर्शनाला जातात. कोण किती लवकर वर पोचलं, कोणाला कुठे दम लागला, याच्या गोष्टी वर्षभर पुरतात. कोण कसं उतरलं हे मात्र कोणी विचारत नाही. उतरणं म्हणजे घरी येणं. त्यात सांगण्यासारखं काय असतं?

लग्नानंतर मॉन्ट्रियलला आले आणि पहिल्याच हिवाळ्यात लॉरेन्शियन डोंगरांत गेले. तिथे माणसं तारेला टांगलेल्या खुर्चीत बसून निवांत वर जात होती आणि सगळी हिंमत खाली येण्यात दाखवत होती. तुमचा माँ-त्राँब्लाँ डोंगर उंचीला ८७५ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहून जरासाच जास्त. त्या डोंगराकडे पाहून मला वाटलं होतं, याच्यावरून खाली यायला कसली आली हिंमत! त्याच डोंगरावर, स्की शिकवणाऱ्या वडिलांच्या हाताखाली तुम्ही वाढलात आणि तिथून निघून आल्प्सच्या उतारांवर जगज्जेते झालात, हे मला फार उशिरा कळलं.

तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ते टीव्हीवर. फेब्रुवारी २०१०, व्हँकुव्हर ऑलिंपिक. मी पोटुशी होते आणि दिवसभर घरातच असायची. १९ तारखेला व्हिसलरच्या उतारावर सुपर-जीची शर्यत होती. नवऱ्याने समजावून सांगितलं होतं की, डाउनहिलला खेळाडूंना आधी त्या वाटेवरून सराव करायला मिळतो, सुपर-जीला मिळत नाही. सकाळी उताराच्या कडेने आडव्या स्कीवर हळूहळू घसरत जायचं, प्रत्येक गेट डोळ्यांत साठवायचं, वळणं पाठ करायची आणि मग एकदाच, ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या वेगाने खाली यायचं. चूक सुधारायला दुसरी फेरी नाही. तुम्ही खाली आलात, फलकावर आकडे उमटले आणि आमच्या घरात शांतता पसरली. कांस्यपदकाची वेळ १ मिनिट ३०.६५ सेकंद. तुमची १ मिनिट ३०.६८. तीन शतांश सेकंदांनी तुम्ही पाचवे.

मी हिशेबात पक्की आहे. त्या रात्री कागदावर गणित मांडलं. दोन किलोमीटरहून अधिक वाट दीड मिनिटात पार केली, तर तीन शतांश सेकंदांत माणूस सत्तर सेंटिमीटरच्या आसपास जातो. तुमच्या पायातली स्कीच दोन मीटरहून लांब. म्हणजे स्कीच्या निम्म्या लांबीचंही अंतर नाही! त्याआधी चार वर्षं, २००६ साली, ट्युरिनच्या ऑलिंपिकमध्ये तुम्ही सुपर-जीत चौथे आला होतात, कांस्यपदकापासून एक दशांश सेकंद दूर. व्हँकुव्हरच्या डाउनहिललाही पाचवेच. यजमान कॅनडाने त्या वर्षी १४ सुवर्णपदकं जिंकली. देशभर झेंडे, गाड्यांचे हॉर्न, रस्त्यांवर गर्दी. अल्पाइन स्कीइंगमध्ये मात्र एकही पदक नाही, आणि ज्यांच्याकडून आशा होती त्यांच्यात तुमचं नाव वरच्या बाजूला.

भारतात वाढलेल्या माणसाला हे दुखणं ओळखीचं असतं. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं कांस्यपदक एक शतांश सेकंदाने गेलं, तेव्हा मी पहिली-दुसरीत असेन. आमच्या शाळेत ती गोष्ट कितीतरी वर्षं सांगितली जायची, आणि सांगणाऱ्याचा आवाज दर वेळी शेवटी खाली यायचा. चौथ्या क्रमांकावर आपल्याकडे हळहळ असते, सहानुभूती असते. आदर मात्र हातचा राखून दिला जातो. तुमच्याबद्दलही मी तसंच करून मोकळी झाले. थोडक्यात हुकला बिचारा, असं म्हणून टीव्ही बंद केला.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत काय घडलं, ते मला कित्येक वर्षं माहीतही नव्हतं. ७ मार्चला नॉर्वेतल्या क्विटफ्येलला तुम्ही सुपर-जी जिंकलीत. चार दिवसांनी जर्मनीत गार्मिशला हंगामातली शेवटची सुपर-जीही जिंकलीत आणि सबंध हिवाळ्याच्या गुणांवर मिळणारा सुपर-जीच्या विश्वचषकाचा स्फटिकाचा गोल घरी आणलात. ऑलिंपिकचं पदक एका दिवसाचं. हा गोल महिनोन्‌महिने, वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या बर्फावर टिकून राहिल्याचा. तीन शतांश सेकंदांचं दुःख उराशी धरून बसायला तुम्हाला वेळच नव्हता, असं मी आज म्हणते. पण खरं तर वेळ होता. तो तुम्ही दुःखाला दिला नाहीत.

गार्मिशच्या त्या डोंगराचं आणि तुमचं काहीतरी नातं असावं. विश्वचषकातला तुमचा पहिला विजय तिथलाच, फेब्रुवारी २००७ मधला. स्फटिकाचा गोल तिथेच हाती आला. २०११ ला जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे भरली, तेव्हा डाउनहिलमध्ये तुम्ही स्वित्झर्लंडच्या दिदिए क्यूशला ३२ शतांश सेकंदांनी मागे टाकून जगज्जेते झालात. आणि २७ जानेवारी २०१७ ला त्याच डोंगराने तुम्हाला हवेत भिरकावलं.

ती चित्रफीत मी किती वेळा पाहिली असेल, सांगता येणार नाही. भर वेगात तोल जातो, शरीर हवेत उभंच्या उभं उलटतं, पायातली स्की आकाशाकडे जाते आणि मग माणूस पाठीवर आदळतो. पोशाखाच्या आत घातलेली एअरबॅग जमिनीला टेकण्याआधी फुगली होती. तेव्हा ती सक्तीची नव्हती; विश्वचषकाच्या वेगवान शर्यतींत ती सक्तीची झाली २०२४-२५ च्या हंगामापासून. तुम्ही ती आपण होऊन घातली होती. त्याच गार्मिशच्या उतारावर १९९४ च्या जानेवारीत ऑस्ट्रियाची उलरिके मायर गेली. दोनदा सुपर-जीची जगज्जेती झालेली, घरी लहान लेक असलेली आई. तुम्ही मात्र उठलात, चाललात आणि बाराव्या दिवशी, ८ फेब्रुवारीला, सेंट मॉरिझला सुपर-जीचं जागतिक सुवर्णपदक घेतलंत. वय ३५. तोवर एवढ्या वयात अल्पाइन स्कीइंगचा जगज्जेता कोणी झालं नव्हतं. तुमचा संघसोबती मॅन्युएल ऑस्बोर्न-पॅराडिस तिसरा आला, तोही त्याच्या तेहतिसाव्या वाढदिवशी. चार दिवसांनी डाउनहिलमध्ये तुम्ही रौप्यपदकही मिळवलंत.

आता कबुली.

२०१० साली माझ्या पोटात होती ती लेक आज लॉरेन्शियनमधल्या एका लहानशा क्लबातून शर्यतीत उतरते. सहा वर्षांची असताना तिने तुमची सेंट मॉरिझची शर्यत पाहिली आणि तुमच्यासारखं व्हायचं ठरवलं. तुमची गार्मिशची पडझड आणि बाराव्या दिवसाचं सुवर्ण ही आमच्या घरातली रामायणासारखी कथा झाली. सर्दी झाली, शाळेत गुण कमी पडले, भांडून रडत आली, की मी तीच सांगायची. सांगताना मलाही बळ यायचं.

गेल्या वर्षी जानेवारीत एका शनिवारी आम्ही पहाटे साडेचारला निघालो. डोंगरावर पोचलो तर आभाळ भरून आलं होतं. अशा उजेडात बर्फावर सावल्या पडत नाहीत आणि खळगा कुठे, उंचवटा कुठे, डोळ्यांना कळत नाही. रात्रीतून वाट घट्ट गोठून काचेसारखी झाली होती. लेक बूट आवळता आवळता थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "आई, आज नको वाटतंय गं."

मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. शर्यतीची फी भरलेली, दोन तास गाडी चालवलेली, आदल्या आठवड्यातली तिची वेळ सुधारलेली. मी म्हणाले, "एरिक गेनं काय केलं होतं? एवढा आपटला, तरी बाराव्या दिवशी सोनं आणलं ना?"

ती गेली. पाचव्या-सहाव्या गेटपाशी तिची खालच्या बाजूची स्की अडकली आणि गुडघा वळला. मी खाली उभी होते. वरून कोणी येईना, तेव्हा कळलं. उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला होता. शस्त्रक्रिया, कुबड्या, महिनोन्‌महिने व्यायाम. क्लबाचा दोष नव्हता, डोंगराचा नव्हता, हवेचाही नव्हता. तिला हवामान कळलं होतं, स्वतःचं अंगही कळलं होतं. तिने ते मला सांगितलंही होतं. तुमचं नाव पुढे करून तिचं तोंड बंद केलं ते मी. ही माझी कबुली.

ती पलंगावर होती त्या महिन्यांत मी तुमच्या कारकिर्दीबद्दल मिळेल ते वाचलं, आणि वाचता वाचता ध्यानात आलं की, मी लेकीला इतकी वर्षं जी कथा सांगत होते ती अर्धीच होती.

पहिल्या अर्ध्यातल्याही कितीतरी गोष्टी मी गाळल्या होत्या. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी २०१४-१५ चा सबंध हंगाम तुम्ही सोडून दिला होतात, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. गार्मिशला पडल्यानंतर परत उभं राहायचं की नाही, हे ज्याने ठरवलं तो पस्तिशीचा माणूस होता. त्याला आपलं शरीर दीड-दोन दशकांच्या शर्यतींमधून कळलेलं होतं, आणि हो किंवा नाही म्हणण्याचा हक्क पूर्णपणे त्याचा होता. बाराव्या दिवसाचं सुवर्ण एवढ्या सगळ्यावर उभं होतं. मी मात्र ते एका चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर ठेवलं, जिला "नको" म्हणायचीही मुभा मी दिली नव्हती.

आणि दुसरं अर्धं तर मी वाचलंच नव्हतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्रान्सचा डेव्हिड प्वासाँ इथे, अल्बर्टातल्या नकिस्का डोंगरावर, सराव करताना गेला. जागतिक स्पर्धेत डाउनहिलचं कांस्यपदक मिळवलेला खेळाडू, शर्यतही नव्हती, साधा सराव. २०१८ च्या सुरुवातीला तुमच्या पाठीच्या मणक्यातली चकती फाटली होती आणि समोर प्योंगचांगचं ऑलिंपिक होतं. वय ३६. घरी जगज्जेतेपदाची पदकं होती, ऑलिंपिकचं एकही नव्हतं. पुन्हा संधी येणार नाही हे तुम्हालाच सर्वांत नीट ठाऊक असणार. वेदना सहन करून उभं राहिला असतात, तर आमच्यासारख्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. तुम्ही माघार घेतलीत.

मग नोव्हेंबर २०१८, लेक लुईस. याच उतारावर २००३ मध्ये तुम्ही विश्वचषकाच्या शर्यतीत पहिल्यांदा पहिल्या तिघांत आला होतात. सरावाच्या दिवशी ऑस्बोर्न-पॅराडिस पडला आणि त्याच्या पायाची हाडं मोडली. सेंट मॉरिझला तुमच्या शेजारी चौथऱ्यावर उभा राहिलेला तोच सोबती. त्याच सुमारास तुम्ही जाहीर केलंत की, आता पुरे. २५ वेळा विश्वचषकाच्या पहिल्या तिघांत; कॅनडाच्या कोणाही अल्पाइन रेसरला तोवर इतकं जमलेलं नव्हतं. कॅनडाच्याच स्टीव्ह पॉडबोर्स्कीच्या २० च्याही पुढे. पाच विजय, दोन जागतिक सुवर्ण. आणि घरी चार मुली.

तुमच्या मनात तेव्हा काय चाललं होतं, याचे अंदाज मी बांधणार नाही. पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसते. डाउनहिल हा वेग न सोडण्याचा खेळ आहे. जिथे शरीर सांगतं की आवर, तिथे न आवरण्याचं शिक्षण लहानपणापासून दिलेलं असतं. ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने गोठलेल्या उतारावर गुडघे दुमडून, छाती मांड्यांवर टेकवून जाणाऱ्या माणसाला स्वतःच्या आत उठणारी हाक दाबून टाकावीच लागते. अशी अठरा वर्षं काढल्यावरही ती हाक ऐकू येणं, आणि ऐकून तिचा मान राखणं, मला सेंट मॉरिझच्या सुवर्णाएवढंच मोठं वाटतं. व्हिसलरचे ते तीन शतांश सेकंद तुमच्या हातात नव्हते. वारा, बर्फ, एखाद्या वळणावर किंचित जास्त दाबलेली कड, कशानेही ते जाऊ शकले असते. लेक लुईसचा निर्णय मात्र पूर्णपणे तुमच्या हातातला होता आणि तो तुम्ही चुकवला नाहीत.

म्हणून तुमच्याकडे मागणं मागते आहे.

या डोंगरांतल्या प्रत्येक लहान क्लबात तुमचं नाव घेतलं जातं. पोरं तुमच्या वेळा पाठ करतात, गार्मिशची चित्रफीत एकमेकांना दाखवतात. तुम्ही त्यांच्यासमोर कधी बोलाल, तेव्हा कृपया दुसरं अर्धंही सांगा. प्योंगचांगला न जाण्याचं ठरवलं त्या दिवसाबद्दल सांगा. २०१४-१५ चा हंगाम घरून पाहताना कसं वाटलं, ते सांगा. पदक दाखवाच, पण त्याआधी एअरबॅग दाखवा आणि ती सक्तीची होण्याआधी का घातली, तेही सांगा. मुलांचं एकदा सांगून झालं, की आम्हा आईबापांना वेगळं बसवा. मुलांपेक्षा आम्हालाच जास्त गरज आहे. पहाटे उठून, पैसे भरून, गाडी हाकून आम्हाला वाटायला लागतं की, हा उतार आपणही उतरतो आहोत. आम्ही उतरत नसतो. आम्ही खाली उभे असतो.

क्लबांनाही एक सांगा, तुमचा शब्द ते ऐकतील. सकाळी उतार पाहून आल्यावर एखादी मुलगी "आज नाही" म्हणाली, तर तिची पुढच्या शर्यतीतली जागा जाऊ नये. प्रशिक्षकाच्या कपाळावर आठी पडू नये, गाडीत परतीच्या वाटेवर आईने गप्प बसून तिला शिक्षा करू नये. जिला "आज नाही" म्हणता येतं तिच्याच "आज जाते" ला अर्थ असतो. नाहीतर ते धैर्य तिचं नसतंच, दुसऱ्या कोणाचं तरी असतं आणि मोडतो तो गुडघा तिचा.

मी लेकीची माफी मागितली. ती म्हणाली, "आई, मला त्यांची गोष्ट आवडते, पण आता पूर्ण सांगत जा." डॉक्टरांनी या डिसेंबरात तिला बर्फावर उतरायची परवानगी दिली. ती पुन्हा शर्यतीत उतरेल की नाही, हे अजून ठरलेलं नाही. मी विचारत नाही. ठरलं की ती सांगेल, आणि जे ठरेल ते तिचं असेल.

मागच्या रविवारी आम्ही दोघी नुसत्याच गेलो होतो. छातीवर नंबर नाही, गेट नाहीत, घड्याळ नाही. मी नेहमीसारखी खाली उभी. ती वरून निघाली, रुंद वळणं घेत, सावकाश. मधल्या उताराशी आपणहून थांबली. तिथे बर्फ निळसर, कठीण दिसत होता. काठीने टोचून तिने तो पाहिला, जरा बाजूने वाट काढली आणि पुन्हा निघाली. खाली आली तेव्हा गाल लाल झाले होते आणि ती हसत होती. किती वेळ लागला हे मी पाहिलं नव्हतं.

आमच्या गावी बायका कळसूबाई उतरून आल्या की उंबऱ्यावर त्यांच्या पायांवर पाणी घालतात. तेवढंच. कोणी काही विचारत नाही. मी लेकीचे बूट सोडवले, थर्मासमधला चहा तिच्या हातात दिला, आणि आम्ही घरी आलो.

तुम्हीही आलात. तुमच्या चार मुलींकडे धडधाकट पायांनी परत आलात. माझ्या दृष्टीने तुमच्या कारकिर्दीतली ही सर्वांत चांगली उतरण आहे, आणि ती या डोंगरांतल्या प्रत्येक पोरीला ठाऊक असावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आपली,
लॉरेन्शियनमधल्या एका रेसर मुलीची आई